पाटकऱ्याची कबर

कडक उन्हाळ्यात कबर खणायची असली, तर आदल्या दिवशी जमिनीला पाणी पाजावं लागतं. आमच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. बाबा पहारेच्या टोकानं लांबट चौकोन आखतात, वरची माती वीतभर उकरतात, त्यात घागरी रिकाम्या करतात आणि वरून ओलं पोतं अंथरतात. पाणी रात्रभर मुरतं. सकाळपर्यंत जमीन जरा ऐकून घ्यायला तयार झालेली असते. न पाजता खणायला गेलं, की पहार उसळून उलट मनगटात कळ मारते, आणि मग बाबा दोन दिवस कपसुद्धा डाव्या हातानं धरतात.

यंदा अडचण अशी होती, की पाजायला पाणी नव्हतं. आणि ज्याच्यासाठी पाजायचं, त्यानंच ते बंद केलं होतं. निदान आमची अख्खी खालची वाडी तसं म्हणत होती.

तो पाटकरी होता. कालव्याची दारं उघडायची, पाडायची, ज्याची पाळी असेल त्याच्याकडे पाणी सोडायचं, हे त्याचं काम. राहायला वरच्या वाडीत. उंची अशी, की सगळे त्याला खांब म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि तो ‘ओ’ द्यायचा. कालवा वरच्या वाडीला वळसा घालून आमच्याकडे येतो. पाणी आटायला लागलं तसं वरच्यांनी दार पाडलं ते वर घेईचनात. चावी खांबाकडे होती, पण डोक्यावर बसलेली होती त्याची वाडी. त्याला स्वतःला काय वाटत होतं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर या वर्षापासून कुणालाही काहीही विचारते.

चर्चच्या सिस्टरांनी आमच्या बायकांना घेऊन कालव्याच्या दारापाशी नुसतं जाऊन बसायचं ठरवलं. घोषणा नाहीत, शिव्या नाहीत. बसायचं, प्रार्थना म्हणायची, ऊन उतरलं की घरी यायचं. त्याआधी चर्चच्या हॉलमध्ये सराव झाला. एकीनं धक्का द्यायचा. दुसरीनं उलट हात उचलायचा नाही, पळायचं नाही, सरळ खाली बसायचं. बसलेल्या माणसाला मारायचं तर मारणाऱ्याला वाकावं लागतं, आणि वाकता वाकता त्याला विचार करायला थोडा वेळ मिळतो, असं सिस्टरांचं म्हणणं. धक्के द्यायचं काम शिंपीणबाईंकडे होतं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की आई दोन दिवस खांदा चोळत होती.

“अहो, सराव होता ना!” आई म्हणाली.

“सरावच केला. फक्त मध्येच आठवलं, पोलक्याची बाही बिघडली म्हणून तू मला सगळ्यांसमोर काय काय बोलली होतीस ते.”

आम्ही हसून हसून लोळलो. सिस्टरही हसल्या. हसायचे ते शेवटचे दिवस.

बायका बसत राहिल्या आणि दार पडलेलंच राहिलं. शेतं करपली. मग आमच्या पुरुषांचा धीर सुटला. ते काठ्या घेऊन गेले, वरचे काठ्या घेऊन आले. माझा काका आमच्यात सगळ्यांत पुढे. फादर मध्ये उभे राहिले, हात पसरून, तर त्यांना कुणीतरी बाजूला ढकललं आणि चष्म्याची एक काच गेली. काकाचं डोकं फुटलं. आणि दाराच्या भिंतीवर उभा असलेला खांब खाली दगडांवर पडला. कुणाचा हात लागला की त्याचाच पाय सुटला, हे कुणी पाहिलं नाही. किंवा पाहिलं असं कुणी म्हटलं नाही. पोलिसांनी ‘पाय घसरून’ असं लिहून घेतलं आणि त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं, चिरफाडीसाठी.

दुसऱ्या दिवशी फादर आणि सिस्टर आमच्याकडे आले.

फादर उंबऱ्यातच बसले. दम्यामुळे त्यांचं एक वाक्य दोन श्वासांत पुरं होतं. “उद्या दुपारी आणतायत त्याला,” ते बाबांना म्हणाले.

“आणू देत की,” काका खाटेवरून म्हणाला. पट्टीखालून त्याचा एकच डोळा दिसत होता. “वर जागा कमी आहे का? पुरा म्हणावं कालव्याच्या कडेला. पाणी जवळ पडेल.”

“कबरस्तान दोन्ही वाड्यांचं एकच आहे, भाऊ,” सिस्टर म्हणाल्या.

“कालवापण दोन्ही वाड्यांचा एकच होता.”

बाबा फावड्याला वाळून चिकटलेली माती खिळ्यानं खरवडत होते. खरवडायला फारशी नव्हती, तरी खरवडत होते.

“तुला जमणार नसेल तर सांग,” फादर म्हणाले. “मी खणेन.”

“तुम्ही खणाल, मग तुमची कोण खणेल?” बाबा मान वर न करता म्हणाले.

फादर हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला थांबेपर्यंत सगळे वाट बघत बसलो. मग ते म्हणाले, “बाप्तिस्मा मीच केला होता त्याचा. तेव्हाही लांबच होता. हातात मावेना. पाय बाहेर.”

“दादा,” काका उठून बसला. उठताना त्याला गरगरलं, त्यानं खाटेची कड धरली. “माझं डोकं फोडलंय त्यांनी. तुझ्या सख्ख्या भावाचं. आणि तू त्यांच्यासाठी खड्डा खणणार?”

“त्यांच्यासाठी नाही. त्याच्यासाठी.”

“काय फरक आहे?”

“तो मेलाय.”

काका पुन्हा आडवा झाला आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. “खण. पण मग माझ्याशी बोलू नकोस.”

बाबांनी खिळा खिशात टाकला. “मापाची दोरी?” त्यांनी सिस्टरांना विचारलं.

आमच्याकडे मेलेल्याच्या घरून दोरी येते. माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायचा, तेवढ्यावर गाठ मारायची. सुतार त्याच दोरीवर पेटी करतो आणि बाबा त्याच दोरीवर कबर आखतात.

“मागितली मी,” सिस्टर म्हणाल्या. “त्याचा भाऊ म्हणाला, दोरी कशाला, खालच्यांनी त्याला बरोबर मापात आणलाय.” त्यांच्या चपलांना वरच्या वाडीची लाल धूळ होती. “ते काठ्या घेऊन येणार आहेत. आपलेही भिंतीबाहेर जमतील, मला माहीत आहे. उद्या तिथे एवढंसं काही वाकडं झालं, तर आणखी पेट्या कराव्या लागतील.”

“काही वाकडं होणार नाही,” बाबा म्हणाले. खणण्याच्या कामात बाबांना कुणी बोल लावलेला नाही आजपर्यंत. म्हणून म्हणाले असतील.

घरात पिण्याचा एक हंडा भरलेला होता आणि एक अर्धा. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं भरलेलं गढूळ पाणी, निवळून घेतलेलं. आईनं भरलेला हंडा उचलला.

“वहिनी, ते प्यायचंय,” काका भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला.

“माहीत आहे.”

“इतके दिवस जाऊन बसलात सगळ्या. तुमच्या बसण्यानं पाणी आलं का?”

“तुमच्या काठीनं आलं का?” आई म्हणाली आणि चुंबळ डोक्यावर ठेवली.

अर्धा हंडा माझ्या कमरेवर होता. गल्लीतून जाताना मी मान ताठ ठेवली होती, पण ताठ मानेनं हिंदकळतं, म्हणून मग वाकवली. शिंपीणबाई दारात बसल्या होत्या.

“कुठे गं, पाणी घेऊन?”

“जमिनीला पाजायला,” मी म्हणाले.

त्यांना कळलं. त्यांनी नुसती सुई दातात धरली. पण गिरणीवाल्यानं पट्टा थांबवून बाहेर डोकं काढलं. “आमची पोरं ओठ चाटतायत आणि तुम्ही त्या खांबाला पाणी पाजताय? नवऱ्याला सांग तुझ्या, दळण दुसरीकडे घेऊन जायचं. आमच्या पिठात त्याच्या कबरीची माती नको.”

दुसरी गिरणी वरच्या वाडीत आहे. हे गिरणीवाल्यालाही माहीत होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं रिकाम्या हाताचं कोपर मला मारलं आणि आम्ही पुढे गेलो.

कबरस्तानात बाबांनी जागा ठरवून ठेवली होती, भिंतीच्या कडेची, बाभळीपासून लांब, मुळं लागू नयेत म्हणून. एरवी त्यांच्यासोबत दोघे असतात, एक बोळका आणि एक दाढीवाला. बोळक्याची पाठ धरली होती. दाढीवाल्याचीही पाठ धरली होती. एकाच दिवशी.

दोरी नव्हती, म्हणून बाबा स्वतःच जमिनीवर उताणे झोपले. तसे ते प्रत्येक कबरीला झोपून बघतात, दोरी असली तरी. कुठे दगड टोचतो, कुठे उतार आहे, ते पाठीला कळतं म्हणतात. आई त्या वेळी नेहमी दुसरीकडे बघते. मी त्यांच्या डोक्याशी आणि टाचांशी रेघ मारली.

“खांब माझ्याहून किती उंच असेल?” बाबांनी आडव्यानंच विचारलं.

“हातभर तरी,” मी म्हणाले.

“हातभर कुठला? माणूस होता, माड नव्हता,” आई म्हणाली. “वीतभर धरा. आणि हे बघा, पाणी एवढंच आहे. उगाच लांब आखलं तर धड कुठेच मुरायचं नाही.”

बाबांनी हंड्यांकडे बघितलं. मग रेघेपुढे एक वीत टाकली, त्यावर चार बोटं. तेवढ्यावर आखलं. पाणी ओतलं तेव्हा जमिनीनं ते असं ओढून घेतलं, की बुडबुड्यांचा आवाज आला. पोतं अंथरून आम्ही रिकामे हंडे घेऊन परत आलो. येताना कुणी काही विचारलं नाही.

सकाळी मी शाळा बुडवली. शाळा बुडवायला मला आवडतं, पण अशी नाही.

पहिली वीतभर माती ओली होती. त्याखाली मुरूम. बाबा पहार मारायचे, टिकावानं ढिलं करायचे, आई फावड्यानं ओढायची, मी घमेलं भरून ढिगावर टाकायची. घमेल्याच्या कडेला एक चीर आहे, ती दर खेपेला एकाच जागी पोटरीला लागायची. ऊन चढलं. बाबांचा सदरा आधी पाठीवर काळा झाला, मग वाळून पांढरट झाला, मिठाच्या रेघांचा. कुणी बोलत नव्हतं. बोलायला थुंकी लागते.

फादर आले, स्वतःचं फावडं घेऊन. बागेतलं, गुलाबाच्या वाफ्यांचं. बाबांनी त्यांना थोडं ओढू दिलं, मग म्हणाले, “फादर, त्या सावलीत बसा आणि कुणी येतंय का बघा.” येणार कुणी नव्हतं. फादर बसले. त्यांच्या छातीतून पत्रा घासल्यासारखा आवाज येत होता. मी घमेलं खाली ठेवून त्यांच्याशेजारी टेकले.

“फादर, तुमचं हे शांतीचं काम कधी यशस्वी झालंय का?”

“हात मेले!” आई खड्ड्याशेजारून ओरडली.

“विचारू दे,” फादर म्हणाले. फुटक्या काचेमुळे ते एक डोळा मिटून बघत होते. “झालंय एकदा. दोन म्हाताऱ्यांचं भांडण होतं, फार जुनं. मी जाऊन जाऊन मिटवलं.”

“मग?”

“मग त्या दोघी मिळून माझ्याशी भांडल्या. शेवटपर्यंत.”

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण त्यांनी ते खोकल्यावर खर्च केलं. जरा वेळानं, मला न सांगता समोरच्या खड्ड्याला सांगावं तसं, ते म्हणाले, “मी दमलोय गं. परवा मला ढकलणाऱ्याला त्याच्या लहानपणी प्रभूची भाकर, पहिली कम्युनियन, मीच दिलीय. घरी येऊन वाटलं, पुरे. पण दुसरं काही येत नाही मला. काठी तर उचलतच नाही.”

बाबा आतून म्हणाले, “घमेलं.” मी उठले.

खड्डा बाबांच्या छातीएवढा झाला, तेव्हा त्यांनी हात टेकून बाहेर यायचा प्रयत्न केला आणि त्यांना येता येईना. आई आणि मी ओढलं. बाहेर आल्यावर ते कडेवर बसून राहिले, पाय आत सोडून. आईनं कापडाचं टोक ओलं करून त्यांच्या ओठांवर फिरवलं. पहाटे विहिरीच्या तळाशी खरवडून तेवढंच मिळालं होतं.

दुपारी वरचे आले. आधी धूळ दिसली, मग पेटी, मग काठ्या. पेटी लाल फळ्यांची, जाड, वरच्या सुतारानं केलेली. खांबाची बायको मागे, कुणाचाही हात न धरता चालत होती. त्याचा भाऊ पुढे. तो बुटका, खांद्यात रुंद, काठी जमिनीला न टेकवता आडवी धरलेली. आमच्या वाडीचे पुरुष भिंतीबाहेर उभे राहिले, त्यात बोळका आणि दाढीवालाही होते, पाठ सरळ करून. बायका सिस्टरांबरोबर आत आल्या होत्या. सिस्टर सकाळपासून दारोदार गेल्या होत्या. जेवढ्या बसायला यायच्या तेवढ्या नव्हत्या, पण होत्या. शिंपीणबाईही होत्या, सगळ्यांत मागे, रुसल्यासारख्या.

फादरांनी प्रार्थना म्हटल्या. एका डोळ्यानं वाचताना ओळ चुकली, परत वाचली. पेटीखालून दोर घातले आणि चौघांनी ती सोडायला सुरुवात केली.

पायाची बाजू खाली गेली. डोक्याची गेली नाही.

पेटी तिरकी लटकत राहिली. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. खांबाची बायको ओरडली, एकदाच. आणि मग इतकं शांत झालं, की दोर करकरलेला ऐकू आला.

“मुद्दाम!” भाऊ म्हणाला. आधी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मुद्दाम आखूड खणली! मेल्यावरसुद्धा त्याला दुमडून घालायचाय यांना!”

“वर घ्या,” बाबा पुढे झाले. “माझी चूक आहे. वर घ्या, वाढवतो.”

पेटी वर आली. भावानं बाबांच्या थोबाडीत मारली.

आवाज मोठा नव्हता. बाबा एका बाजूला गेले आणि त्यांचा हात ढिगात खोचलेल्या फावड्यावर पडला. मी त्यांची बोटं बघितली. ती दांड्याभोवती एक एक करून आवळली गेली. भिंतीबाहेर आमच्या लोकांचा आवाज उठला. वरच्यांच्या काठ्या आडव्याच्या उभ्या झाल्या.

आई खाली बसली. तिथेच, मातीत, धपकन. तिच्याशेजारी सिस्टर बसल्या. मग मागे शिंपीणबाई बसल्या, कण्हत, गुडघ्यांना शिव्या देत, आणि मग बाकीच्या. फादरही बसले, त्यांना नंतर उठवायला दोघं लागले. मीही बसले.

बाबांनी आमच्याकडे बघितलं. मग फावडं घेऊनच कबरीत उडी मारली. त्यांना खाली जायला दुसरी जागा कुठे होती?

भाऊ कडेवर उभा. बाबांचं डोकं त्याच्या गुडघ्याएवढं. काठी उचलून खाली आणली असती, तरी पुरलं असतं. पण त्याला आधी सगळ्यांना दाखवायचं होतं. त्यानं काठी पेटीवर लांबीनं ठेवली, पेटी संपली तिथे अंगठा दाबला, आणि तशीच आणून कबरीच्या कडेवर लांबीनं धरली. काठी डोक्याकडच्या कडेपलीकडे, कोरड्या जमिनीवर गेली.

“बघा! सगळ्यांनी बघा! एवढी कमी!”

बाबांनी खालून वर बघितलं. त्यांच्या गालावर बोटं उठली होती. “तिथेच धरा,” ते म्हणाले.

“काय?”

“काठी. हलवू नका. तेवढंच घेतो.”

भाऊ तसाच राहिला. काठी उचलली तर माप मोडणार, आणि माप त्यानंच सगळ्यांसमोर धरलेलं. बाबांनी पहार मागितली, मी दिली. त्यांनी मारली. ती उसळून परत आली. डोक्याकडच्या त्या पट्टीला पाणी मिळालंच नव्हतं; ती जशीच्या तशी होती, दगड. दुसरी मारली. पहारेच्या टोकाशी ठिणगी उडाली. मग बाबा मारत राहिले. प्रत्येक घावाला सुपारीएवढा कपचा सुटत होता.

हे फार वेळ चाललं. किती वेळ ते मला सांगता येत नाही. रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. पेटी घेतलेल्यांनी ती खाली टेकवली. काठ्या हळूहळू जमिनीला टेकल्या, कारण त्या किती वेळ उगारून धरणार? भाऊ वाकून उभा होता. वाकून उभं राहिलं की रागावलेल्या माणसाचीही कंबर भरून येते. त्यानं एक गुडघा टेकला. मग दुसरा. घाम त्याच्या नाकावरून बाबांच्या मानेवर पडत होता, आणि दोघांपैकी कुणालाच तो पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी तो मागे न बघता म्हणाला, “कॅन आणा.”

“अरे, प्यायचंय ते,” त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं.

“आण म्हटलं ना! उन्हात ठेवायचंय का त्याला?”

कॅन आला. भावानं एका हातानं काठी धरून दुसऱ्यानं तो कोरड्या पट्टीवर ओतला. बाबा पहार टेकून उभे राहिले. पाणी मुरेपर्यंत दोघे तिथेच होते, एक आत, एक बाहेर, आणि दोघेही मातीकडे बघत होते. मग बाबा म्हणाले, “आता येईल.” आणि आली.

पेटी बसली. या वेळी सगळीकडून बोटभर मोकळी. फादरांनी राहिलेली प्रार्थना पुरी केली, बसूनच. वरच्यांनी माती लोटली, आम्हीही लोटली, एकमेकांच्या फावड्यांना फावडी लागणार नाहीत अशा बेतानं. जाताना खांबाची बायको आईपाशी थांबली.

“तुझ्या मालकांनी आधी झोपून बघितलं होतं का तिथे?”

“हो,” आई म्हणाली.

“बरं,” ती म्हणाली आणि त्यांच्यामागे गेली.

भिंतीबाहेरचे आमचे लोक पांगले होते. गिरणीवाला शेवटचा गेला, बाबांच्या गालाकडे बघत. दार त्या दिवशी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी नवा पाटकरी आला आणि तोही म्हणाला, वरून सांगतील तसं.

आम्ही घरी आलो तेव्हा काका खाटेवर बसलेला होता. बाबा दारातच भिंतीला टेकून बसले. आईनं ताट आणून पुढे ठेवलं. बाबांनी हात पुढे केला आणि नुसते त्याच्याकडे बघत राहिले. बोटं मिटलेली होती. पहार धरावी तशी, गोल. त्यांनी जोर लावला. उघडेनात. दुसराही तसाच.

“अहो?” आई म्हणाली.

“पहार सुटली, पण हातांना कळलं नाही अजून,” बाबा म्हणाले. त्यांना हसायचं होतं, पण ओठ फुटलेले होते.

आईनं उजवा हात मांडीवर घेतला आणि अंगठा सोडवायला सुरुवात केली, तेलाचं बोट लावून, हळूहळू. अंगठ्याखालचं कातडं निघालं होतं. मी दिवा जवळ धरला. एक बोट सरळ झालं की दुसरं परत मिटायचं. बाबांनी डोळे बंद केले होते. गालावरचे वळ आता निळसर दिसत होते.

“लांब होती का पेटी?” खाटेवरून काकानं विचारलं.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. “होती.”

“दाराच्या भिंतीवर उभा राहिला, की तिकडून सूर्य दिसायचा नाही,” काका म्हणाला. आई अंगठ्याशेजारच्या चाफेकळीपर्यंत आली होती. “मला आरडाओरडा करून म्हणत होता, अरे, मागे व्हा, इथे ओलं आहे, घसराल. मलाच म्हणत होता.”

त्यापुढे काय झालं ते काकानं सांगितलं नाही, आणि मी, सगळ्यांना सगळं विचारणारी, विचारलं नाही.

काका उठला. भिंत धरून, पट्टीवरून हात फिरवत, दोनदा थांबत तो दारापर्यंत आला. बाबांच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसला, त्यांची दुसरी मूठ स्वतःच्या दोन्ही हातांत घेतली, आणि करंगळीपासून उघडायला लागला.